नंबर कुणाच्या नावावर

“अहो, सातच महिने राहिलेत. पडून राहू द्या की तो फोन कोपऱ्यात,” बायको म्हणाली. “आज तोडलात तर दंड भरावा लागेल. शहाणा माणूस असं करतो का?”

चावीवाल्याने नुसता हात वर केला. थांब, म्हणून. फोन टेबलावर होता, स्पीकर चालू होता, आणि टेलिफोन कंपनीची मुलगी गोड आवाजात तेच सांगत होती. दुकानाच्या नावाने तीन वर्षांचा करार आहे. मुदतीआधी मोडला तर सात महिन्यांचं भाडं एकदम, वर दंड. तिने आकडा सांगितला आणि बायकोने कपाळाला हात लावला. कालच चाव्या कापायचं मशीन विकलं होतं. त्या पैशांत ती न्हाणीघराची फरशी बदलणार होती, मिस्त्रीला सांगूनही झालं होतं. आता सगळी फरशी या फोनच्या घशात जाणार होती.

दुकान बंद करण्याला तिची ना नव्हती. हातच ऐकेनासे झाल्यावर माणूस करणार काय? वर्षभरापासून त्याच्या बोटांना कंप सुटला होता. गेल्या महिन्यात एका दारापुढे बसला असताना त्याच्या हातून कुलूप उघडायची बारीक सळी चार वेळा खाली पडली. पाचव्यांदा त्याने ती उचलून पिशवीत टाकली, घरमालकाची माफी मागितली आणि उठला. घरी येऊन म्हणाला, “झालं आपलं.” एवढंच. रडगाणं नाही की नशिबाला बोल नाही. या बाबतीत माणूस बावनकशी, हे ती कुणालाही सांगायची.

फोनच्या बाबतीत मात्र तो ठार वेडा होता. लग्न झालं तेव्हा असा नव्हता, मध्येच कधीतरी हे खूळ डोक्यात शिरलं. फोन तिसऱ्यांदा वाजू द्यायचा नाही, हा त्याचा नेम. आंघोळीतून उठून उचलायचा, तोंडाला साबण असला तरी उचलायचा. मुलीच्या लग्नात तर फोटो काढायला सगळे उभे राहिले आणि हा गायब. कुणाची तरी म्हातारी आई बाथरूममध्ये अडकली होती. व्याही फुगून बसले, त्यांची समजूत काढता काढता हिच्या तोंडाला फेस आला. संध्याकाळी हा परतला, पँटला चुना लागलेला, आणि म्हणाला, “आजी ठणठणीत आहेत.” जसं काही सगळे आजींचीच वाट बघत होते. तिला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. शहरातल्या हजारो दारांवर त्याचा नंबर चिकटवलेला होता आणि लोक डोळे मिटून तो लावत.

“सर, आम्ही भाडं निम्मं करून देऊ शकतो,” मुलगी म्हणाली.

“नको.”

“मग येणारे फोन दुसऱ्या कुणाकडे वळवून देऊ?”

“तेही नको. उसन्या नंबरावर कुणी जीव तोडून धावत नाही, ताई. नंबर त्याच्या स्वतःच्या नावावर झाला पाहिजे. आणि माझा करार संपल्याशिवाय तुम्ही तो करून देत नाही. म्हणून आजच मोडा.”

बायकोने कान टवकारले. त्याच्या म्हणजे कुणाच्या? चावीवाल्याने पलीकडच्या चौकातल्या दुकानाचं नाव सांगितलं. मिशाळचं दुकान.

बायको ताडकन उभी राहिली. मिशाळ याच धंद्यातला. गेल्या कित्येक वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तो समोरून आला तर चावीवाला रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. कारण तिला तोंडपाठ होतं. एका घरात तीन वर्षांचं पोर आत कोंडलं गेलं होतं, शेगडीवर दूध उतू जाऊन गॅस सुटला होता, आणि मिशाळने जाऊन दार उघडलं. पोर थोडक्यात वाचलं. मग तो बाजारभर सांगत सुटला की आधी तुमच्या त्या लाडक्या चावीवाल्याला फोन केला होता, त्याने उचलला नाही. केवढी गिऱ्हाइकं तुटली तेव्हा. हिने भर बाजारात त्याला गाठून खोटारडा म्हटलं होतं, चार लोकांच्या देखत. तो तसाच वळून दुकानात निघून गेला होता.

“त्यांची संमती लागेल, सर,” मुलगी म्हणाली.

“काल जाऊन सही आणलीय.”

“तुम्ही त्याच्या दारात गेलात?” बायकोचा आवाज चढला. “आणि नंबर फुकट द्यायचा? वर दंड आपण भरायचा? ज्याने तुमच्यावर बालंट आणलं, त्याच्यासाठी?”

चावीवाल्याने तिच्याकडे पाहिलं नाही. “मोडा करार,” तो फोनमध्ये म्हणाला, “पैसे आत्ता भरतो.” त्याने कार्डाचा पहिला आकडा दाबायला बोट पुढे केलं, ते थरथरत भलत्याच आकड्यावर पडलं. मग दुसऱ्या हाताने मनगट धरून त्याने एकेक आकडा नीट दाबला. पलीकडून धन्यवाद आले आणि फोन बंद झाला.

बायको अजून उभीच होती. त्याने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

“बालंट नव्हतं गं ते,” तो म्हणाला. “फोन वाजत होता, मला ऐकू येत होता. पत्ते फार चांगले आले होते हातात. म्हटलं, एवढा डाव होऊ दे.”