डल्सची दुडकी

"आता दुडक्या चालीनं!" डॉक्टर ऊना टिअर्नी ओरडल्या. "आणि दावं जरा सैल सोड गं. घोडी पळवतेयस की फाशी देतेयस?"

ग्रान्यानं दावं सैल केलं आणि डल्सच्या बरोबरीनं धावत सुटली. फरसबंद अंगणात टापा वाजू लागल्या. टप टप, टप टप. एकसारख्या. एकही टाप दबकी नाही, एकही मागे रेंगाळलेली नाही. आयर्लंडमधल्या किल्डेअरच्या त्या पागेत गेल्या नऊ महिन्यांत असा ठेका कुणी ऐकला नव्हता. ग्रान्याला मात्र प्रत्येक टाप कानाखाली बसल्यासारखी वाटत होती.

कारण सकाळी सात वाजता तिनं डल्सच्या ओटच्या बादलीत एक पुडी कालवली होती. दुखणं मारणारी.

तपासणीआधी आठवडाभर एकही पुडी द्यायची नाही, असं डॉक्टरांनी तिघांनाही बजावलं होतं. ग्रान्याला, तिच्या बाबांना आणि म्हाताऱ्या मोतद्दाराला, पॅकीला. "दुखतंय का, हे मला घोडीच सांगणार. तुम्ही तिचं तोंड बंद केलंत तर मी काय तपासू, तिची शेपटी?"

गेल्या वर्षी डल्स उडी मारायच्या आधी अडून उभी राहायची. ग्रान्यानं तिला आळशी म्हटलं होतं. चार जणांदेखत चाबूकही ओढला होता. मग एक्स-रे निघाला. मागच्या पायाच्या गुडघ्यात, हाडाच्या आत, द्राक्षाएवढी पोकळी. सिस्ट. डॉक्टरांनी डल्सच्याच छातीच्या हाडातून मज्जा काढली, तिच्यातल्या नवं हाड घडवणाऱ्या पेशी, स्टेम सेल, गोळा केल्या आणि सुईनं त्या पोकळीत सोडल्या. हाड भरून येईल म्हणाल्या. बहुतेक. ते 'बहुतेक' ग्रान्यानं नऊ महिने उशाशी घेऊन काढलं होतं.

आणि बाबांनी सांगून टाकलं होतं, "तपासणीच्या दिवशी लंगडली तर सरळ मेयोला, काकाकडे. शिंगरं घालेल तिथं. शोभेची घोडी मी पागेत ठेवत नाही."

डॉक्टरांनी डल्सचा मागचा पाय दुमडून मिनिटभर धरून ठेवला. "सोडला की लगेच पळव हं." पाय सुटला. भलेभले घोडे या परीक्षेत दोन-तीन पावलं तरी लंगडतात. डल्स हरणासारखी निघाली.

"अगं, ही तर नाचाला निघालीय!" पॅकीनं टाळी वाजवली. बाबा फाटकाशी टोपी कपाळावर ओढून उभे होते.

"माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना," डॉक्टर हसल्या. "शाब्बास! सोमवारपासून उड्या सुरू करा."

उड्या. हाड भरलंय की नाही, कुणालाच ठाऊक नाही. सोमवारी बादलीत आणखी एक पुडी, मंगळवारी आणखी एक. मागच्या वेळी डल्स निदान अडून तरी बसली होती. आता तेही करणार नाही. मोडेपर्यंत उड्या मारत राहील.

डल्सनं तिच्या खांद्यावर नाक घासलं. तेच ग्रान्याला सहन झालं नाही.

"थांबा," ती म्हणाली. आवाज चिरकला. "मी सकाळी तिला पुडी दिली. ओटमधून."

डॉक्टरांचं हसू उतरलं.

"किती?"

"एक."

"कळतं का तुला, काय करून बसली असतीस ते?"

"कळतं," ग्रान्या म्हणाली. तिचे कान पेटले होते. बाबांकडे बघायची छाती होईना.

"आजची तपासणी रद्द. पंधरा दिवसांनी परत येईन." डॉक्टर बॅगेकडे वळल्या आणि मध्येच थबकल्या. डल्सकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या. "एक मिनिट. एका पुडीनं एवढं धूड असं उडत नाही. खरं सांग, पोरी."

"शप्पथ, एकच दिली!"

पॅकीला खोकला आला. बराच वेळ आला.

"एक माझी," तो शेवटी पुटपुटला. "पहाटे साडेपाचला. सफरचंदातून. पोरीचं तोंड बघवत नव्हतं हो आठवडाभर."

"दोन झाल्या," डॉक्टर म्हणाल्या. त्यांची नजर डल्सवरून हलली नव्हती. "दोन पुड्यांनीही भागत नाही."

फाटकाशी बाबांनी टोपी काढली. लहान पोराला वर्गात उभं करावं तसे ते उभे होते.

"मी दोन दिल्या," ते जमिनीकडे बघत म्हणाले.