नावं ठेवण्याचं काम

“मोहक गुलाबी, मोहक निळा, मोहक मोतिया,” साहेबांनी मोठ्यानं वाचलं आणि कागद खाली ठेवला. “मॅडम, हे रंग आहेत की एकाच घरातल्या बहिणी?”

तिला हसूही आलं नाही. भिंतींचे रंग बनवणाऱ्या या कारखान्यात तिचं कामच नावं ठेवण्याचं होतं. नवा रंग तयार झाला की त्याला नाव ती द्यायची. एकेकाळी या कामापायी ती जेवायची विसरायची. बसमध्ये शेजारणीच्या ओढणीला मनातल्या मनात नाव देऊन मोकळी व्हायची. हल्ली रंगाची नवी पट्टी समोर आली की जांभई यायची.

“नव्या रंगांची नावं सोमवारी द्या,” साहेब म्हणाले. ते बिचारे वाईट नव्हते. “नाहीतर पुढची सगळी संगणकाकडून पाडून घेणार आहेत. वरून तसं आलंय.”

घरी नावं ठेवणारी दुसरी एक होती, पण बिनपगारी. तिच्या सासूबाई. शेजाऱ्यांचं कुत्रं, नवा पंखा, लेकाचं सुटलेलं पोट, त्यांच्या तावडीतून कुणी सुटलं नव्हतं. स्वतः मात्र एका पायात हिरवा आणि एका पायात तपकिरी मोजा घालून फिरायच्या. लेकानं दाखवलं तर म्हणायच्या, “पाय गरम आहेत ना? मग झालं.”

त्या संध्याकाळी सुनेनं पिशवी खुर्चीवर टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, “संपलं रे माझ्यातलं. राजीनामा देते. कुठंतरी हिशेबाचं काम बघेन. तिथं निदान काही सुचावं लागत नाही.”

“तू आणि हिशेब?” नवरा म्हणाला. “दूधवाला तुझ्याच जिवावर नवी गाडी घेईल.”

सासूबाई ओट्याशी टोमॅटो निवडत होत्या. एकेक दाबून बघायचा, पिकलेला वेगळा काढायचा. आज त्यांनी एकाही टोमॅटोला नाव ठेवलं नाही. घरात हे नवलच होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सुनेनं जेवणाच्या टेबलावर पट्ट्या मांडल्या आणि त्यांच्याकडे बघत बसून राहिली. सासूबाई शेजारची खुर्ची ओढून बसल्या. “बघू तरी, कशापायी एवढं तोंड पाडून बसलीस.”

उजेड हवा म्हणून सुनेनं पडदा सारला. त्यांनी तो उठून परत ओढला. “ऊन डोळ्यांत जातं.”

सुनेनं मुकाट्यानं एक फिकी गुलाबी पट्टी पुढं केली आणि सासूबाईंना बरं वाटावं म्हणून जरा हसली. सासूबाईंनी पट्टीवरून नजर फिरवली, मग चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं.

“उसनं हसू,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“उसनं आणलेलं हसू. दुसरं काय म्हणायचं?”

सून चिडणार होती, पण तिचं लक्ष पट्टीकडे गेलं. वरवर गोड, आत थंडगार. खरंच, उसनं हसूच ते. तिनं पट्टीच्या मागं लिहून टाकलं.

पुढची जांभळट पट्टी घेताना तिला जांभई आली. “अर्धी झोप,” सासूबाई म्हणाल्या. तेवढ्यात नवऱ्यानं चहाचा कप नेमका विटकरी पट्टीवर ठेवला आणि सुनेनं तो खसकन उचलून बाजूला केला. “नाकावरचा राग,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तू आता रंगांनाही सोडणार नाहीस,” नवरा म्हणाला.

“ठेवण्यासारखी असली की ठेवायची नावं. तू तो कप आत ने.”

दुपार कलेपर्यंत सून त्यांच्याशी भांडायला लागली. “नाही आई, हा राग नाही. राग येऊन गेल्यावर लाज वाटते ना, तो हा.” एक झालं की दुसरं, तिला आपोआप सुचत गेलं. जेवण गार झालं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. एका पिवळ्या पट्टीला तिनं ‘फुकटचं ऊन’ म्हटलं आणि स्वतःच फिसकन हसली. “खुदकन,” सासूबाईंनी लगेच नाव बदललं. शेवटची नारिंगी पट्टी हातात धरून ती खिडकीपाशी गुणगुणत उभी होती. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. “रुसवा गेला,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

सोमवारी साहेबांनी कागद दोनदा वाचला. “‘नाकावरचा राग’ माझ्या केबिनला लावा,” ते म्हणाले. “हे संगणकाच्या बापाला सुचायचं नाही. मी वर सांगतो तसं.” आणि त्यांनी सांगितलंही. काम तिच्याकडेच राहिलं. तिनं प्रामाणिकपणे कबूल केलं की निम्मी नावं सासूबाईंची आहेत. साहेब खूश झाले. सासूबाईंची खोली त्यांच्या आवडीच्या रंगात कारखान्यातर्फे रंगवून द्यायची, असं ठरलं.

सून जिना जवळजवळ धावतच चढली. सगळ्या पट्ट्या सासूबाईंच्या पलंगावर पसरून म्हणाली, “आई, तुमच्या नावांनी माझी नोकरी वाचली. आणि नोकरीचं सोडा, मला पुन्हा काम करावंसं वाटतंय. आता तुमच्या खोलीला यातला कुठला हवा, ते सांगा.”

सासूबाईंनी पट्ट्या खाली-वर केल्या. मग सगळ्या गोळा करून तिच्याच हातात दिल्या.

“तूच निवड. मला जन्मापासून सगळे राखेसारखेच दिसतात, कुठला फिका, कुठला काळपट, एवढंच. फक्त तुझ्या सासऱ्यांना ठाऊक होतं.”

सून पलंगावर टेकली. “अहो, मग रंगांना इतकी नेमकी नावं कशी ठेवलीत?”

“रंगांना कुठं गं?” सासूबाई म्हणाल्या. “मी तुझ्या तोंडाला ठेवत होते.”