नाव घेणं

नीलिमानं नागपूरहून पेनड्राइव्हवर उतरवून आणलेली लग्नाची डीव्हीडी लेकीच्या कॅनडातल्या, कोक्विटलाममधल्या बेसमेंटमध्ये लॅपटॉपवर लागली, पण मुकी. पडद्यावर शिरीष जिलबीचा घास हातात धरून उखाण्यात नीलिमाचं नाव घेत होता. नुसतेच ओठ हलत होते. गुंजन पोटात असतानाच तो गेला. बाबांचा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. “वेट आई, दुसरा प्लेअर डाउनलोड करते.” आवाज आला. सनईचा. गुंजननं पुढेमागे करून पाहिलं, सगळीकडे सनईच. मग नीलिमाला आठवलं: पाहुण्यांचा गलका नको म्हणून शिरीषनंच घरच्या कॉम्प्युटरवर हौसेनं मूळ आवाज पुसून वर सनई चढवली होती. तिनं तेव्हा किती कौतुक केलं होतं! “बाबा काय म्हणतायत, आई?” “सनई बंद कर,” नीलिमा म्हणाली, आणि पडद्यावरच्या हलत्या ओठांबरोबर तिनं अडखळत, लेकीला ऐकू जाईल असं, स्वतःचंच नाव घेतलं.