ज्याला पर्याय नाही ते क्रियापद

सरांनी फळ्यावर 'पुट अप विथ' असं लिहिलं आणि बोटांवरचा खडू झटकत अर्थ सांगितला. त्रास होतो, चीड येते, पण सुटका नसते, तेव्हा माणूस खपवून घेतो; ते हे. शेजाऱ्याच्या भुंकणाऱ्या कुत्र्याचं उदाहरणही दिलं.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातल्या आठ बायका बाकांवर दाटीनं बसल्या होत्या. बुधवारी जेवणानंतर सगळ्यांनी इंग्रजी शिकायचं, असा वरून हुकूम आला होता. मुकादम दाराशी खुर्ची टाकून हजेरीचं पुस्तक चाळत होता. त्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

अक्का सगळ्यांत जुनी. सरांनी वाक्य करायला सांगितलं, तेव्हा तीच आधी उठली आणि तिनं वहीतलं वाचलं, "आय पुट अप विथ हिम."

सर खूश झाले. 'हिम' म्हणजे कोण, नवरा का, असं त्यांनी गमतीनं विचारलं. मुकादम तेवढा हसला.

"पण हा भूतकाळ की वर्तमानकाळ?" सर म्हणाले. "'पुट' दोन्हीकडे सारखंच."

अक्कानं मुकादमाकडे पाहिलं. चादरींच्या कोठीचं दार आतून लागलं की काय होतं, ते तिला आठवावं लागत नव्हतं. तिचे केस पिकले तसं मुकादमानं तिला कोठीत बोलावणं सोडलं. आता किल्ली उचलली की तो नुकत्याच कामाला लागलेल्या नवीला हाक मारी. अक्का ते रोज पाहायची आणि मान खाली घालून कपडे पिळत राहायची.

"माझ्यापुरता भूतकाळ," ती म्हणाली.

मग किती वर्षं तेही घाला, असं सरांनी सुचवलं. अक्कानं नऊ वर्षं घातली. ते वाक्य फळ्यावर लिहून सरांनी बाकीच्यांना आपापली वाक्यं करायला सांगितलं.

थोड्या वेळानं ते वह्या तपासू लागले, तर प्रत्येक वहीत तेच वाक्य. आकडा तेवढा वेगळा. कुणाची सहा वर्षं, कुणाची चार. सरांचा आवाज चढला. नक्कल करून भाषा येत नाही, म्हणाले.

"नक्कल नाही, सर," अक्का म्हणाली. "जिचं तिचं आहे."

शेवटच्या बाकावर नवी वहीवर तळहात ठेवून बसली होती. सरांनी तो बाजूला करायला लावला. खाली 'टू मंथ' असं लिहिलेलं होतं.

"दोन महिने ना? मग एकाहून जास्त झाले. पुढे 'एस' लागतो," ते म्हणाले, आणि लाल शाईनं तो लावून दिला.