कोरं कार्ड

मेघना सकाळपासून धुमसत होती. "खेड्यातल्या माणसांना साधा चेहराही रागीट दिसतो," असं बारामतीच्या कॉलेजातले तिचे सर म्हणाले होते. ते खोटं पाडायलाच कन्हेरी गावची ही पोरगी चेहऱ्यांचे फोटो घेऊन पळसदेवच्या शाळेत, भिंतीला पाठ लावून बसली होती.

फोटोतल्या चेहऱ्यांवरचे भाव सगळ्या गावकऱ्यांनी बरोबर ओळखले. पण न बघता बोलणारा सापडावा म्हणून त्यांत तिनं एक कोरं कार्ड घातलं होतं. ते खांद्याशी धरलं की जो तो म्हणे, "रागावलाय."

शेवटी म्हाताऱ्या रंगुबाई आल्या. त्याही म्हणाल्या, "लई रागावलाय गं."

मेघनाचा तोल सुटला. "आजी, कोरं हाय हे! चेहरा कुठं हाय ह्यात? माझी थट्टा करताय व्हय सगळे?" तिनं कार्ड टराटरा फाडलं आणि तुकडे टेबलावर आपटले.

रंगुबाईंनी तुकड्यांकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर होती तिथंच राहिली, मेघनाच्या खांद्याशी.

"पोरी, ओरडू नगंस," त्या हळूच म्हणाल्या. "तू चिडलीस, तसा त्यो हसाया लागलाय."