गोड्या पाण्याचा घाट

बोटीवरच्या खलाशानं बादली काठाबाहेर धरली आणि खुशाल पालथी केली. खाली गुडघाभर पाण्यात गोजरबाई घागर बुडवून उभी होती. आधी कोंबडीची पिसं आली, मग आतडी, आणि त्यांच्यामागून जे आलं त्याचं नाव घ्यायला तिची जीभ धजेना. साहेबाच्या रात्रीच्या भांड्यातलं होतं ते. तिनं अर्धी घागर तिथंच ओतून दिली आणि तोंडाला पदर लावून काठावर आली.

काठावर बाकीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन थांबल्या होत्या.

"पाटलीनबाई, आता आमी काय प्यावं?" तानुबाई म्हणाली. "इहिरीचं खारं?"

गावच्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. पूर्णाकाठच्या त्या साऱ्या पट्ट्यात तेच. गोडं पाणी काय ते नदीचं, आणि तिथली रीत ठरलेली. वरच्या अंगाला पिण्याचा घाट, त्याच्या खाली धुण्याचा, आणि सगळ्यात खाली म्हशी. पिण्याच्या घाटावर गावातलं शेंबडं पोरसुद्धा पाय धूत नाही. त्याच्या वर उभी दरड, घागर घेऊन उतरायची सोय नाही.

आणि बोट नेमकी त्या पिण्याच्या घाटावर नांगरलेली. भादव्यातली भरली नदी पाहून सुट्टीवरच्या या गोऱ्या साहेबाला शिडाच्या बोटीतून तापीपर्यंत जायची हौस आली होती. वाटेत शीड फाटलं, ते शिवून होईतो मुक्काम इथं. जागा दाखवली ती पाटलानं, म्हणजे गोजरबाईच्या नवऱ्यानं, उकंडरावानं. पाहुण्याला गावातली सगळ्यात चोख जागा द्यायची, एवढंच त्या शहाण्याला कळलं. वर बायकांकडून बोटीची ओटी भरवली. साहेबानं त्यातलं खोबरं खाल्लं आणि खणानं बूट पुसले. त्याचं स्वतःचं पिण्याचं पाणी मात्र खानसामा रोज होडक्यातून वर जाऊन भरून आणी.

दुपारी जेवायला बसल्यावर उकंडरावानं वरणात बोटं फिरवली. डाळ खड्यासारखी टणक होती.

"काय वं, डाळ काऊन शिजली नाही?"

"खाऱ्या पान्यात कोनाची शिजते?"

"नदी आटली का?"

"नदी हाय. तिच्यात तुमच्या साहेबाचा मैला हाय." गोजरबाई त्याच्याकडे न बघताच बोलत होती. "बोट म्हशीच्या घाटाले लावाले सांगा. तानुबाईच्या नातीले हगवन लागली हाय, पोरगी डोळे उघडत नाही."

"साहेबाले म्हशीत उभं करू? अवं, साऱ्या जिल्ह्यात कोन्या पाटलाच्या गावी बोट थांबली, सांग बरं. मले वर बोलावून बसवलं त्यानं."

"कशावर बसवलं?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. बसवलं होतं दोराच्या वेटोळ्यावर, आणि डोक्यावर साहेबाच्या ओल्या चड्ड्या टपकत होत्या.

"सांजेपर्यंत सांगा. नाही त मीच जाऊन सांगीन."

हे त्याला झोंबलं. पाटलाची बायको साहेबासमोर जाणार! त्यानं ताट सरकवलं, फेटा बांधला, धुतलेलं धोतर नेसलं आणि घाटाकडे निघाला. मागोमाग गोजरबाई आणि बाया.

साहेब बोटीवर खुर्ची टाकून पायाची नखं काढत बसला होता. नखं सरळ पाण्यात पडत होती. उकंडरावानं कमरेत वाकून सलाम केला.

"हजूर, एक अर्ज हाय. पान्याचं..."

साहेबानं नाक मुरडलं आणि तो खानसाम्याजवळ काहीतरी पुटपुटला.

"पाटील, साहब भी वही बोलते हैं," खानसामा म्हणाला. "इधर का पानी बहुत गंदा हो गया. बू आती है. बोट ऊपर लेना है."

काठावरच्या बाया श्वास रोखून उभ्या होत्या. वर नाही, खाली, एवढं म्हटलं की काम होत होतं. उकंडरावानं तोंड उघडलंही. तेवढ्यात साहेब त्याच्याकडे बघून हसला, आणि झालं.

"जी हजूर," उकंडराव म्हणाला. "गावचे लोकच घानेरडे हायत."

माणसं बोलवायलाही तो थांबला नाही. धोतर खोचून पाण्यात शिरला आणि बोटीला खांदा लावला. खलाशी दरडीवरून दोर ओढत होते. पिसं पाटलाच्या मांड्यांना चिकटली, आणखीही काय काय चिकटलं. बोट वर सरकून दरडीखाली थांबली. थोड्या वेळानं तिकडून बादली पालथी झाल्याचा आवाज आला, आणि त्या बादलीतलं सगळं तरंगत तरंगत घाटाला लागलं. बाया एकेक करून विहिरीकडे वळल्या. गोजरबाईला नदीची जेवढी किळस आली त्याहून जास्त नवऱ्याची आली.

तो घरी आला तेव्हा ती खाऱ्या पाण्याची बादली घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"तिथंच थांबा."

तिनं त्याच्या पायांवर तांब्या ओतला. तो साबण घासू लागला. फेस येईना. पिंढऱ्यांवर नुसता चिकट पांढरा थर बसला आणि वास होता तसाच राहिला. त्यानं पुन्हा घासलं, नखांनी खरवडलं.

"खाऱ्यानं निघत नाही वं हे. थोडं गोडं दे ना."

"गोडं आता बोटीच्या वर हाय," गोजरबाई म्हणाली. "जा, हजूर म्हना अन् मांगून आना."