बदकाचे दोन गोल

सरांचा नवशिक्या मोठ्यांसाठीचा चित्रकलेचा वर्ग आठवड्यातून एकदाच भरायचा. मागच्या वेळी त्यांनी बदकाचे नुसते दोन गोल काढून घेतले होते, डोक्याचा लहान आणि अंगाचा मोठा. आज चोच, मान आणि पंख काढायचे होते. मागच्या वेळी स्वतःच्याच गोलांना खो खो हसणारे काका आज आले नव्हते. हौस फिटली असणार, सरांनी मनात म्हटलं.

त्यांच्या खुर्चीवर एक नवीन बाई बसल्या होत्या. समोरच्या कागदावर दोन वेडेवाकडे गोल तयारच होते.

"घरून काढून आणलेत? वा!" सर म्हणाले.

बाई खाली मान घालून पेन्सिल चालवत राहिल्या. बदक मात्र असं उतरलं, की आता पंख झटकेल.

"चला, आता आधाराचे गोल पुसून टाका," सरांनी सगळ्यांना सांगितलं.

बाईंनी कागदावर हात आडवा धरला. "राहू द्या की, सर."

"अहो, नवशिक्यांचं इथंच चुकतं. गोल दिसले की चित्र कच्चं वाटतं." सरांनी कागद स्वतःकडे ओढला, दोन्ही गोल सफाईने खोडले आणि रबराचा चुरा फुंकून टाकला. "बघा, आता कसं जिवंत वाटतंय!"

बाई कागदाकडे बघत राहिल्या.

"मागच्या वेळी वर्गाला हे आले होते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी गेले. तेवढे दोन गोलच काढून झाले होते त्यांचे."